इस्नोफिलिया : दमा, जंत की आणखी काही?

कणेरी (धागाकर्ती)

मंडळी, जरा मदत हवी आहे. धाकट्या भावाला चार महिन्यांपासून खोकला आहे. दिवसा अगदी ठणठणीत असतो. रात्री दोन-अडीच वाजले की उठून बसतो आणि पहाटेपर्यंत खोकत राहतो. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येतो. वजन चार किलो उतरलंय. वय ३१, विडी-सिगारेट नाही. घर भंडारा जिल्ह्यात, तो तिथेच असतो. मी पुण्यात, त्यामुळे जे कळतं ते फोनवरून.

सुरुवातीला दमा म्हणून पंप दिला. पंपाने तासभर बरं, मग येरे माझ्या मागल्या. नंतर एक्स-रेत दोन्ही बाजूंना बारीक ठिपके दिसले, म्हणून टीबीची शंका. दोनदा थुंकी तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. आता सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ३८ टक्के आल्यात. आई म्हणते, "इस्नोफिलियाच आहे, मामालाही होता, थंडीत व्हायचा."

माझा प्रश्न साधा आहे. इस्नोफिलिया हा रोग आहे का? असेल तर मग दमा कुठला आणि टीबी कुठला? उद्यापासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करायचं म्हणतायत. द्याव्यात का?

---

खवट

आमच्याकडे इस्नोफिलिया झाला नाही असा एकही नातेवाईक नाही. सर्दी झाली, शिंका आल्या, अंगावर पित्त उठलं, झोप आली नाही, सगळ्याचं उत्तर एकच. त्यावर उपायही ठरलेला : केळी-दही-पेरू बंद, आणि कोजागरीला खिरीतून दम्याचं औषध. काका सलग नऊ वर्षं गेले. दमा होता तिथेच आहे, खीर मात्र आवडायला लागली.

---

लॅबवाली_ताई

कणेरी, आधी एक काम करा. रिपोर्टवर टोटल काउंट काय आहे ते बघा. टक्क्यांवर जाऊ नका.

रोज काउंटरवर हाच गोंधळ असतो. माणूस येतो, "माझे इओसिनोफिल ८ टक्के, लाल अक्षरात आलेत." टोटल पांढऱ्या पेशी ५,६०० असतील तर ८ टक्के म्हणजे ४४८. साधारण ५०० पर्यंत चालतं, म्हणजे त्याला काहीही झालेलं नाही. दुसऱ्याची टोटल १२,००० आणि टक्के तेच ८, की झाले ९६०. तिथे मात्र बघायला हवं. म्हणून एईसी, म्हणजे प्रत्यक्ष आकडा बघायचा.

दुसरं असं की वेळेनेही फरक पडतो. सकाळी शरीरातलं कॉर्टिसॉल चढलेलं असतं तेव्हा या पेशी कमी दिसतात, रात्री वाढतात. आणि स्टेरॉइडचा डोस पोटात गेला की काही तासांत आकडा धाडकन खाली येतो. म्हणून तपासण्या राहिल्या असतील तर त्या गोळीच्या आधी करून घ्या. नंतर रक्त दिलंत तर पुरावा पुसला गेलेला असतो.

---

कणेरी

टोटल १४,२००. म्हणजे ३८ टक्के धरले तर... ५,३९६?? मी बरोबर केलं ना?

---

लॅबवाली_ताई

बरोबर केलंत. आणि हा आकडा केळी-दह्याचा नाही. साध्या दम्यात, शिंकांच्या ॲलर्जीत सहसा पाचशे ते हजार-दीड हजार दिसतात. पाच हजार दिसले की मी स्लाइड पुन्हा बघते आणि सरांना हाक मारते.

---

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजीत बावीस वर्षं गेली, म्हणून थोडं लिहितो. निदान इथे करणार नाही, करूही नये. पण "इस्नोफिलिया हा रोग आहे का" या प्रश्नाचं उत्तर नक्की देता येतं : नाही. ताप हा जसा रोग नाही, तसाच. तो फक्त सांगतो की कुठेतरी काहीतरी पेटलंय. कुठे आणि का, ते शोधावं लागतं.

ही पेशी १८७९ मध्ये पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळी ओळखली. त्याला रंगांचा भारी नाद. इओसिन नावाचा तांबूस रंग स्लाइडवर टाकला की काही पांढऱ्या पेशींमधले दाणे तो अधाशासारखा शोषून घेतात आणि केशरी-लाल होतात. ग्रीकांची इओस म्हणजे आपली उषा, पहाटेची देवी. तिच्यावरून त्या रंगाचं नाव, आणि रंगावरून पेशीचं. स्लाइडवर खरंच देखणी दिसते : मध्ये चष्म्याच्या दोन काचांसारखं केंद्रक, आणि भोवती खच्चून भरलेले डाळिंबी दाणे.

हे दाणे म्हणजे दारूगोळा. जिवाणू असेल तर दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्याला सरळ गिळतात. पण आतड्यातला जंत गिळणार कसा? तो पेशीच्या हजारो पट मोठा. मग ही पेशी त्याच्या अंगाला चिकटते आणि दाण्यांमधली जहाल प्रथिनं त्याच्यावर ओतते. जंताची कातडी पोळते. अडचण अशी की तेच प्रथिन श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरावर सांडलं तर अस्तरही पोळतं. दम्यात जो दाह असतो, त्यातला मोठा भाग हा असा, जंत नसताना झालेला गोळीबार.

आता यातली खरी गंमत. या पेशींचं घर रक्त नव्हेच. निरोगी माणसात त्यांची सर्वात मोठी वस्ती आतड्याच्या भिंतीत असते. रक्तात दिसतात त्या एसटीतल्या प्रवाशांसारख्या : हाडांच्या मगजातून निघाल्या, मुक्कामाला पोचायच्या आहेत. आपण स्टँडवर गर्दी मोजतो आणि गावात काय चाललंय याचा अंदाज बांधतो.

---

पोटोबा

सूक्ष्मदर्शी, दंडवत. माझ्या मनातला प्रश्न तुम्ही अर्धा सोडवलात. मला दमा नाही, पण लहानपणापासून ॲलर्जी. तिशीत घास अडकायला लागला. पोळीचा कोरडा तुकडा किंवा भात छातीच्या मध्यावर अडकायचा, पाणी पिऊनही जात नसे, शेवटी उलटी. एका लग्नात पंगतीत अडकला, तेव्हापासून लोकांत जेवायचीच धास्ती. सगळ्यांनी ॲसिडिटी म्हटलं. शेवटी दुर्बीण घालून अन्ननलिकेचे तुकडे तपासले, तर त्यात इओसिनोफिल भरलेले. म्हणजे दम्यात श्वासनलिकेत होतं ते माझ्या अन्ननलिकेत.

डॉक्टरांनी दम्याच्याच जातीचं स्टेरॉइड दिलं, फक्त ओढायचं नाही, घट्ट करून गिळायचं, आणि वर अर्धा तास पाणीही प्यायचं नाही. शिवाय दूध बंद. चहा काळा प्यायला शिकलो, बासुंदीला मुकलो. पण पोळी खाली उतरते.

---

सूक्ष्मदर्शी

पोटोबा, तुमचा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला तोच मुळी १९९० च्या दशकात. त्याआधीचे सगळे रुग्ण ॲसिडिटीच्या खात्यात जमा. एका ठरावीक मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल दिसले तर शंका पक्की होत जाते.

आणि घसा-पोट-छाती ही सगळी एकाच भाऊबंदकीतली हे औषधांवरूनही कळतं. ड्युपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, ते इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोन निरोपांची वाट अडवतं. अमेरिकेत ते २०१८ मध्ये दम्यासाठी मंजूर झालं आणि २०२२ मध्ये याच अन्ननलिकेच्या आजारासाठी. किंमत ऐकाल तर घास पुन्हा अडकेल, तो भाग वेगळा.

पण एक गोष्ट आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांचं नाक कापणारी आहे. बेनरालिझुमॅब नावाचं दुसरं औषध थेट इओसिनोफिल मारतं. दम्यात चांगलं चालतं. अन्ननलिकेत वापरून पाहिलं, तर २०२४ मध्ये निकाल आला : पेशी जवळजवळ साफ, पण घास अडकायचा तो अडकतच राहिला. मग खरा गुन्हेगार कोण? आग लागलेल्या जागी दरवेळी बंबवाला दिसतो म्हणून त्यानेच आग लावली असं आपण धरून बसलो होतो का? काही ठिकाणी बंबवालाही आगीत तेल ओततो, हेही खरं. एकाच पेशीचं दोन अवयवांत दोन प्रकारचं वागणं आहे, आणि भिंगाखाली ती दोन्हीकडे सारखीच दिसते.

---

वैनगंगा

धागा उशिरा पाहिला. मी निवृत्त डॉक्टर, सगळी नोकरी विदर्भात. कणेरीताई, तुमच्या पहिल्या पोस्टीतल्या तीन गोष्टी मला झोपू देईनात : रात्रीचाच खोकला, भंडारा जिल्हा, आणि पाच हजारांवर इओसिनोफिल. तुमच्या भावाच्या घरी कधी रात्री रक्त घ्यायला आरोग्यसेवक आले होते का? किंवा हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी वाटायला?

---

कणेरी

हो! दरवर्षी येतात. आई म्हणते, समोर उभं राहून खायला सांगतात. पण भाऊ म्हणतो, "मला काही झालेलं नाही तर गोळी कशाला," आणि खिशात टाकतो. पण हत्तीपाय तर पायाला होतो ना? याला पायाला काही नाही.

---

वैनगंगा

तेच तर. आता नीट वाचा, आणि उद्या भावाच्या डॉक्टरांशी याच शब्दांत बोला.

हत्तीरोगाचे जंत, म्हणजे फायलेरिया, क्युलेक्स डासातून येतात, तो गटारी-नाल्याच्या घाण पाण्यात वाढणारा डास. मोठे जंत लसिकावाहिन्यांत राहतात आणि त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफिलेरिया, रात्री रक्तात फिरतात. म्हणून रक्त रात्री घ्यायचं. बहुतेकांचं शरीर या पिल्लांकडे काणाडोळा करतं. थोड्या लोकांचं मात्र उलटं. त्यांची प्रतिकारशक्ती पिल्लांना फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत गाठते आणि तिथेच ठेचते. मग रणांगण फुप्फुसात. रात्री खोकला, धाप, शीळ, वजन उतरणं. एक्स-रेत बारीक ठिपके, जे टीबीसारखे दिसतात. आणि रक्त रात्री तपासलं तरी पिल्लू सापडत नाही, कारण फुप्फुसाने एकही सोडलेलं नसतं. रोग जितका जोरात, तितका जंत अदृश्य.

याला ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया म्हणतात. १९४० मध्ये फ्रिमॉड-मोलर आणि बार्टन यांनी दक्षिण भारतातल्या टीबीच्या संशयितांमध्ये असे रुग्ण वेगळे काढले, १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला नाव दिलं. पूर्वी यावर आर्सेनिकची इंजेक्शनं देत. नंतर डीईसी ही हत्तीरोगाच्या जंतांवरची गोळी आली, जुने लोक तिला हेट्राझान म्हणतात. आपल्या घराघरांत "इस्नोफिलिया" हा शब्द एवढा रुळला त्यात या आजाराचा वाटा असणार असं माझं मत. मूळ आजार मागे पडला, शब्द मात्र प्रत्येक शिंकेला चिकटला.

एईसी ३,००० च्या वर, आयजीई (ॲलर्जीत आणि जंतांत वाढणारी अँटीबॉडी) १,००० च्या वर, फायलेरियाच्या अँटीबॉडी भरपूर, आणि डीईसीला पटकन मिळणारा प्रतिसाद, यावरून निदान होतं. डोस तुमचे डॉक्टर वजनावरून ठरवतील, साधारण तीन आठवडे घ्यावी लागते. न दिल्यास फुप्फुसात वण धरत जातात, ते मग भरून येत नाहीत.

आणि स्टेरॉइडच्या गोळ्या उद्या सुरू करू नका म्हणण्याचं माझं कारण लॅबवाली ताईंपेक्षा जास्त गंभीर आहे. इओसिनोफिल वाढवणारा आणखी एक जंत आहे, स्ट्राँजिलॉइडिस. अनवाणी पायातून शिरतो, आतड्यात राहतो, आणि आतल्या आत पुन्हा पुन्हा वाढून वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्तीचा लगाम सुटला की तो अंगभर पसरतो, आणि माणूस दगावू शकतो. म्हणून जिथे शेतात अनवाणी फिरणं आहे आणि इओसिनोफिल चढलेत, तिथे आधी जंत शोधा, मग स्टेरॉइड. भावाचा ओढायचा पंप मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पंपातला डोस फार कमी असतो, ती गोष्ट वेगळी.

---

खवट

वैनगंगा, वाचनखूण साठवली. काकांची खीर मागे घेतो.

---

आजोळ

एक भाबडा प्रश्न. जंत राहतो आतड्यात, मग छातीत काय काम? माझ्या मुलीला लहानपणी जंत झाले तेव्हाही आठवडाभर खोकला होता, डॉक्टर म्हणाले संबंध नाही.

---

लॅबवाली_ताई

संबंध असू शकतो. मोठ्या गोल जंताची अंडी हातातोंडातून पोटात जातात, आतड्यात अळी बाहेर पडते. ती तिथेच राहत नाही. आतड्याची भिंत फोडून रक्तात, यकृतातून फुप्फुसात, तिथून हवेच्या नळ्यांतून घशापर्यंत चढते. आपण ती नकळत गिळतो, आणि ती परत आतड्यात येऊन मोठी होते. म्हणजे पंढरपूरला जायला आधी काशी. फुप्फुसातून जाताना खोकला, थोडी धाप, एक्स-रेत आज इथे उद्या तिथे ढग. लोफलर या स्विस डॉक्टरने १९३२ मध्ये याचं वर्णन केलं.

आणि मला स्लाइडवर सगळ्यात जास्त आवडतात ते स्फटिक. दमेकऱ्याच्या चिकट थुंकीत बारीक, लांबट, दोन्ही टोकं अणकुचीदार, होकायंत्राच्या सुईसारखे चमकतात. शार्को आणि लायडन यांच्या नावाने ओळखतात, १८५३ पासून माहीत आहेत. इओसिनोफिल फुटले की त्यांच्यातल्या एका प्रथिनाचे हे स्फटिक होतात. जंत झालेल्या माणसाच्या शौचातही हेच सापडतात! एका टोकाची थुंकी, दुसऱ्या टोकाचं शौच, आणि दोन्हीकडे सुया त्याच. आधी वाटायचं, हा नुसता कचरा. २०१९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवलं की या सुया स्वतःच टोचून दाह वाढवतात.

---

निमपरदेशी

सगळं पटलं, पण मग उलटं का नाही म्हणायचं? जंत गेले म्हणून दमा आला. इथे अमेरिकेत माझ्या मुलाच्या वर्गात निम्म्यांच्या दप्तरात पंप किंवा ॲलर्जीचं इंजेक्शन. आम्ही लहानपणी मातीत लोळलो, आम्हाला काही नाही. अति स्वच्छतेने वाट लावली.

---

सूक्ष्मदर्शी

निमपरदेशी, हा विचार डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९८९ मध्ये मांडला : मोठी भावंडं जितकी जास्त, तितका परागज्वर कमी. तुमच्याच देशातलं एक उदाहरण बघा. इंडियानातले आमिश आणि साउथ डकोटातले हटराइट, दोन्ही साधेपणाने राहणारे ख्रिस्ती पंथ, मूळचे युरोपातले, खाणंपिणं सारखं, दोघांकडे शेती. आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१. फरक गोठ्याचा. आमिशांचा गोठा घराला लागून, घोड्यांची शेती, पोरं तिथेच रांगतात. हटराइटांची शेती यंत्रांची, पोरांपासून लांब. २०१६ चा हा अभ्यास. आमिश घरातली धूळ उंदरांना हुंगवली तर त्यांचाही दमा रोखला गेला.

पण त्यात गोठ्यातले जिवाणू आहेत, जंत नव्हेत. नॉटिंगहॅममध्ये दमेकऱ्यांच्या हातावर मुद्दाम हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या दहा अळ्या सोडून पाहिलं, २०१० मध्ये निकाल आला, ठोस फायदा दिसला नाही. तेव्हा राष्ट्रीय जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोल शाळेत मुकाट्याने खाऊ द्यावी. जंताने रक्तक्षय झालेलं पोर आमच्याकडे हिमोग्लोबिन सहा घेऊन येतं, त्याला "तुला दमा होणार नाही हो" असं सांगता येत नाही.

---

निमपरदेशी

मान्य. गोठा घराला लागून हवा, एवढं बायकोला सांगून बघतो.

---

आजोळ

अवांतर : ते दहा-बारा हजारांचं फूड ॲलर्जी पॅनेल करावं का? शेजारणीने केलं, तिला गहू, तांदूळ, वांगं, दूध आणि ३० पदार्थ बंद. बाई वाळून गेली.

---

सूक्ष्मदर्शी

त्यात आयजीजी नावाची अँटीबॉडी मोजली असेल तर पैसे पाण्यात. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता याची नोंद. आपण भात खातो म्हणून भाताची आयजीजी. ॲलर्जीशी नातं आयजीईचं, आणि तेही लक्षणांशी ताडून बघावं लागतं.

---

कणेरी

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. तुमच्या पोस्टी भावाला व्हॉट्सॲप केल्या, त्याने त्या डॉक्टरांना दाखवल्या. आधी ते जरा चिडले, मग म्हणाले "बरं, करून बघू" आणि नागपूरला पाठवलं. आयजीई २,८००. फायलेरियाची अँटीबॉडी पॉझिटिव्ह, रात्रीच्या रक्तात काही नाही, वैनगंगा म्हणाले तसंच. शौचात जंत नाही. डीईसी तीन आठवडे. पहिल्या दोन दिवशी ताप आला, घाबरलो, पण पाचव्या रात्री आईचा फोन : "आज उठलाच नाही गं, मीच दोनदा जाऊन बघून आले श्वास चालू आहे का."

काल परत रक्त केलं. टोटल ८,१००, इओसिनोफिल ९ टक्के. मीच गुणाकार केला, ७२९. फुंकण्याच्या तपासणीत अजून थोडी कमतरता आहे, डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी पुन्हा बघू, काही वण राहिले असू शकतात. पंप तात्पुरता चालू, ओढल्यावर चूळ भरतो.

---

वैनगंगा

ताई, बरं वाटलं. सहा महिन्यांची तारीख चुकवू देऊ नका, हा आजार उलटू शकतो. आणि पुढच्या वेळी गोळ्या वाटणारे आले की भावाने आधी डॉक्टरांनी दिलेला कागद दाखवावा, मग त्यांच्यासमोर गोळी गिळावी. खिशात नाही.

---

कणेरी

आईने खिसेच शिवून टाकलेत.